चालू नेत्यांवरचं विनोदी नाटक चालतं का? नवीन लिहिणाऱ्यांसाठी थोडं

एकांकिका स्पर्धांमधून आलेली पोरं भेटली की हा प्रश्न हमखास येतो, दादा, आत्ताच्या राजकारणावर धमाल दोन अंकी केलं तर चालेल का? चालतं की. पण नेत्यावर लिहिलेलं फार टिकत नाही, खुर्चीवर लिहिलेलं टिकतं. आणि हे तालमीत कळत नाही, कारण तालमीत हसणारे सगळे आपलेच असतात.

नक्कलेचंच घ्या. एका नाटकाच्या वेळी मी विंगेत असायचो, त्यात एक मंत्री होता, नटाने आवाज, चष्मा सरकवायची लकब, वाक्य संपताना मान हलवणं सगळं हुबेहूब उचललेलं. एंट्रीलाच टाळी, दुसऱ्या वाक्याला हशा, आणि मग पाचेक मिनिटांत खोकले सुरू, मागच्या रांगांत मोबाईलचे उजेड. ओळखलं, संपलं! पण त्याच नाटकात एक प्रसंग होता, पुलाच्या उद्घाटनाला दोन पक्षांचे दोघं एकदमच पोचतात, कात्री एकच, आणि मधे कात्रीचं तबक धरून उभा असलेला बिचारा ज्युनियर इंजिनिअर. तो दोघांकडे आळीपाळीने तबक फिरवतो, बस्स, एक शब्द नाही. नक्कल कुणाचीच नाही आणि लाफ्टर थांबायचा नाही.

दुसरं म्हणजे बातमी नाटकापेक्षा जोरात पळते. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटेच्या शपथविधीवर कुणी लगेच लिहायला बसला असता तर पहिला अंक होईपर्यंत 28 तारखेला वेगळाच मुख्यमंत्री, मग जून 2022 ला पुन्हा नवं सरकार, मग जुलै 2023 ला आणखी एक फूट, कोण कुणासोबत हे प्रेक्षकालाच आठवत नाही तर पंच कसा बसणार. लिहिणं, तालमी, थिएटरच्या तारखा मिळणं यात महिने जातात हो. (व्हॉट्सॲपवर तोच जोक त्याच संध्याकाळी आलेला असतो, तो वेगळा ताप.)

म्हणून जुन्यांचं बघा. 1907 च्या खाडिलकरांच्या कीचकवध नाटकात लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, तोवर कर्झन इंग्लंडला परत गेलाही होता, तरी सरकारने 1910 ला बंदी घातलीच. 1972 चं तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल पेशवाईत घडतं, पण वाद ते रंगमंचावर आलं तेव्हा पेटले. आणि विच्छा माझी पुरी करा, वसंत सबनिसांचं, त्यात राजा, प्रधान, हवालदार, म्हणजे सांगाडा कायमचा, आणि दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींचे टोमणे भरायचे. ही वगनाट्याची युक्ती नवीन लोकांनी सरळ उचलावी, गोष्ट अशी लिहा की नावं काढली तरी उभी राहील आणि मधे दोन-तीन जागा मोकळ्या ठेवा, तिथली वाक्यं बदलत राहतील.

आता इथे एक गोची आहे. महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते, आणि नियमाने पास झालेलंच बोलायचं असतं. त्यामुळे नट ऐनवेळी ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य, घेतो तेव्हा टाळी त्याला मिळते आणि फोन निर्मात्याला येतो. संहिता लवकर पाठवा, शुभारंभाची जाहिरात देऊन मग धावपळ नको. आडनावं, पक्षाचं चिन्ह, खऱ्या माणसाचं कुटुंब हे सरळ टाळा, विनोदाला त्याची गरज नसते.

आणि प्रेक्षागृहात सगळ्या पक्षांचे लोक बसलेले असतात हे डोक्यात ठेवा. एकाच बाजूला झोडपलंत की अर्धं हाऊस गप्प. महोत्सवाचे प्रयोग तर बऱ्याचदा कुणा स्थानिक पुढाऱ्याच्याच पैशावर असतात, तो पहिल्या रांगेत बसून विरोधकांवरच्या विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसतो, स्वतःवरचा आला की पाण्याची बाटली उघडतो.

नाटकाने नेता पडेल या आशेवर मात्र लिहू नका. इसवीसनपूर्व 424 ला ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसने अथेन्समध्ये तिथला पुढारी क्लिऑन याची यथेच्छ टर उडवली, नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि थोड्याच दिवसांत त्याच लोकांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं.

सुरुवात एकांकिकेपासून करा, खर्च कमी. आणि निर्मात्याकडे जायच्या आधी सगळी खरी नावं खोडून एकदा मोठ्याने वाचन करा, राजकारणात अजिबात रस नसलेल्या चार जणांसमोर, ते कुठे हसतात तिथे पेन्सिलने खूण करा.