श्नायडर ट्रॉफीचं चांदीचं नाणं: या चुका टाळा

श्नायडर ट्रॉफी ही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची जुनी शर्यत. तिच्या आठवणीतलं नाणं काळवंडलं की आपला हात सवयीने रांगोळीकडे नाहीतर टूथ पावडरीकडे जातो. निरांजनाला ते चालतं. प्रूफ नाण्याच्या (संग्राहकांसाठी खास घडवलेल्या) आरशासारख्या पृष्ठभागावर मात्र कायमचे बारीक ओरखडे उठतात आणि त्यावरचं बिचारं एस.6बी विमान, 1931 चं विजेतं, जाळ्यात अडकल्यासारखं दिसतं. काळा थर गंधकामुळे चढतो. संग्राहकाला तो खपतो, ओरखडा खपत नाही. रबरबँड आणि लोकरी कापड जवळ ठेवलं तर हा थर लवकर चढतो.

हिरवट, चिकट डाग वेगळा. तो पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून येतो आणि तसाच राहिला तर धातू खराब करतो. नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा (नेलपॉलिश रिमूव्हर नको), न घासता सुकू द्या. खिडकी उघडी हवी, गॅस बंद. नाण्यावर रंगीत छपाई असेल तर हा उपाय करूच नका, रंग उतरेल. आणि 999 चांदीवर (म्हणजे 99.9 टक्के शुद्ध) दुधाळ ठिपके दिसले तर त्यांच्या नादी लागू नका, ते घालवताना नाणंच जातं.

घेताना वजन बघा. चांदीचा औंस 31.1 ग्रॅमचा, किराणा मालाचा 28.35 ग्रॅमचा. देशाचं नाव आणि दर्शनी मूल्य दोन्ही नसतील तर बहुधा ते पदक आहे, कधी नुसता मुलामा दिलेलं. पदक वाईट नसतं, फक्त नाण्याच्या भावाने घेऊ नये.

जाहिरातीतला इतिहासही तपासा. पहिली शर्यत 1913 मध्ये मोनॅकोला झाली. 1919 ची बोर्नमथची शर्यत धुक्यामुळे रद्द ठरली आणि 1924 मध्ये ती झालीच नाही, तेव्हा ‘1924 चा विजेता’ दिसला की पुढे चला. सर्वात जास्त घोळ 1931 चा. लेडी ह्यूस्टन यांच्या 1 लाख पौंडांवर ब्रिटनचा संघ उतरला, समोर प्रतिस्पर्धी आलाच नाही, आणि वैमानिक बूथमन यांनी 13 सप्टेंबरला ताशी सुमारे 547 किलोमीटर वेगाने फेऱ्या पुऱ्या करून ट्रॉफी कायमची जिंकली. ताशी 655 किलोमीटरचा वेगाचा विक्रम 16 दिवसांनंतरचा, त्याच संघातले वैमानिक स्टेनफोर्थ यांचा. शर्यतीच्या नाण्याच्या वर्णनात तो आकडा दिसला तर विक्रेत्याला एवढंच विचारा: कोणत्या तारखेचा?