प्रयोगशाळेतील वेळेचा अर्ज ‘नमुन्याची माहिती अपुरी’ म्हणून परत येत असल्यास

प्रथिन आणि लिगँड (त्याला चिकटणारा रेणू) यांच्यातील बंध मोजण्यासाठी एका सामाईक प्रयोगशाळेतील आयटीसी यंत्रावर (बंध जुळताना सुटणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजणारे यंत्र) पाहुणा संशोधक म्हणून वेळ मागणारा माझा अर्ज ‘नमुन्याची माहिती अपुरी’ या शेऱ्यासह दोनदा परत आला. पार्श्वभूमी वाढवली, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र जोडले. उपयोग शून्य, आणि वाया गेलेल्या महिन्यांचा संताप अजून आहे.

तिसऱ्या वेळी अर्ज भरण्याआधीच यंत्र सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांना ईमेल करून नेमके काय तपासले जाते ते विचारले. मग प्रथम एसडीएस जेल (प्रथिने वजनानुसार वेगळी करणारी चाचणी) आणि साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफीचा (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या पद्धतीचा) आलेख जोडून शुद्धता व एकजिनसीपणा दाखवला. त्यानंतर प्रथिनाचे डायलिसिस करून (पातळ पडद्यातून त्याचे द्रावण बदलून) पडद्याबाहेरच्या त्याच बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) लिगँड विरघळवला, कारण दोन्ही बफरांत किंचित फरक असला तरी मिसळण्याची उष्णता खरा संकेत झाकून टाकते. लिगँड विरघळायला डीएमएसओ हा द्रव लागत असल्याने तेवढेच प्रथिनातही घातले आणि बेसलाइन (आलेखाची आधाररेषा) बिघडवणाऱ्या डीटीटीऐवजी टीसेप वापरले (दोन्ही प्रथिनाचे ऑक्सिडीकरण रोखणारी रसायने). शेवटी सी मूल्य (प्रथिनाची सांद्रता भागिले केडी) 10 ते 100 मध्ये बसेल अशी सांद्रता हिशेबासह लिहिली: अपेक्षित केडी (बंध किती घट्ट ते सांगणारा स्थिरांक) 5 मायक्रोमोलर, प्रथिन 100 मायक्रोमोलर, म्हणून सी 20, आणि लिगँड प्रथिनाच्या दहापट. लिगँड नुसत्या बफरमध्ये सोडण्याचा नियंत्रण प्रयोग व सेल (यंत्रातील नमुन्याचे पात्र) धुण्याचा वेळ धरून एकाऐवजी तीन दिवस मागितले (हे मला आगाऊपणाचे वाटले होते), आणि तिन्ही मंजूर झाले.