स्लॅप बेस शिकताना या चुका टाळा

बेस गिटारची तार अंगठ्याने मारून आणि तर्जनीने झटकून वाजवायची रीत म्हणजे स्लॅप. शिकवणीला येणारी बरीच मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, स्लॅपसाठी पेडल (आवाज बदलणारं यंत्र) कोणतं घेऊ?" मी त्यांना आधी बेसची वायर काढून ठेवायला सांगतो. ॲम्पशिवाय, नुसत्या लाकडावर वाजवा. अंगठा पडला की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटल्याचा 'टक' यायला हवा आणि त्यामागून सूर लांबत जायला हवा. 'टक' आला पण सूर तिथंच मेला, तर बिघाड हातात आहे. पेडल त्यावर पांघरूण घालू शकत नाही.

बहुतेक वेळा सूर मरतो तो अंगठा तारेवर रेंगाळल्यामुळे. तबला शिकलेल्या मुलांना हे चटकन समजतं. खुल्या बोलाला बोट पुडीवरून लगेच उठतं, राहिलं तर नाद दबतो. स्लॅपचंही तसंच आहे. मारण्यापेक्षा उचलण्याकडे लक्ष द्या. हालचाल कुलपात किल्ली फिरवल्यासारखी, कोपरापुढचा हात वळवून करायची. खांद्यातून हाणलं की हात दहा मिनिटांत भरून येतो आणि वेगही वाढत नाही. अंगठ्याच्या सांध्याची बाजू, जिथं हाड लागतं, ती तारेवर पडू द्या. जागा फ्रेटबोर्ड संपतो तिथली, शेवटच्या दोनचार फ्रेटवर. पुलाकडे (ब्रिजकडे, जिथं तारा खाली टेकतात) सरकाल तशी तार ताठ लागते आणि आवाज पातळ होतो.

अंगठा तारेतून पार नेऊन खालच्या तारेवर टेकवायचीही एक रीत आहे. अमेरिकन बेसवादक व्हिक्टर वूटेनच्या डबल थंबिंगमध्ये तोच अंगठा परत येतानाही तार छेडतो. सुंदर वाजतं ते. पण पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही रीती एकत्र शिकू नका, हात गोंधळतो.

दुसरी चूक तर्जनीची. बोट तारेखाली खोल घालून मुलं तार ओढतात, आणि मग जी (G) तारेचा आवाज बंदुकीसारखा फुटतो. नखाच्या आतला जेमतेम शेंडा पुरतो. ही वाजवण्याची पद्धत कशी जन्मली ते लक्षात ठेवलं तर तोल आपोआप कळतो. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर कार्यक्रम करायचे आणि साथीला ड्रमर उरला नव्हता. म्हणून अंगठ्याने बेस ड्रमची जागा भरली आणि तर्जनीच्या झटक्याने स्नेअरची. डग्ग्याचं वजन अंगठ्यात हवं. झटका त्याच्यापेक्षा मोठा झाला की ठेकाच लंगडतो.

डाव्या हाताकडे तर कुणी बघतच नाही. मधले मुके ठोके, म्हणजे घोस्ट नोट, मधेच शिट्टीसारखे वाजतात का? तुम्ही एकाच बोटाने तार मुकी करताय, तेही ५, ७ किंवा १२ व्या फ्रेटच्या वर. तिथं हार्मोनिक, म्हणजे तो शिट्टीसारखा वरचा सूर, हमखास निघतो. दोन-तीन बोटं सैल टेकवा, तार मुकी होईल.

आता नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, बाहेर कोरडी हवा आणि घरात कूलरचा दमटपणा. अशा खोलीत बेसची मान हलतेच. कूलरच्या झोतासमोर स्टँड ठेवू नका, आणि भर दुपारी बंद गाडीत तर बेस अजिबात सोडू नका. काल स्वच्छ वाजणारा स्लॅप आज खडखडत असेल, तर ई (E) तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा. जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठीक. फट उरलीच नसेल किंवा फार मोठी असेल, तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा फिरवा, पुन्हा बघा, आणि पाव फेऱ्याच्या पुढे एकदम जाऊ नका. हात बसलेला नसेल तर जाणकाराकडेच द्या. घामाने तारा लवकर मरतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या कापडाने प्रत्येक तार खालूनही पुसा. गोल गुंडाळीच्या, ४५-१०५ जाडीच्या निकेल किंवा स्टीलच्या तारा स्लॅपला चांगल्या. सपाट गुंडाळीच्या तारांवर ती चमक मिळत नाही.

ॲक्टिव्ह बेस (ज्याच्या आत बॅटरीवरचं सर्किट असतं) जोरात वाजवला की फाटल्यासारखा येत असेल, तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. तिचा दम संपत आला की सगळ्यात आधी स्लॅपचे टोकदार ठोके चिरतात. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये वायर खोचलेली राहिली की बॅटरी वाजवत नसतानाही उतरते. जॅझ बेसवर (दोन पिकअपच्या बेसच्या एका मॉडेलवर) भुणभुण येत असेल, तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा.

कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचे ठोके आवरणारं यंत्र, ४:१ च्या आसपास पुरे, पण अटॅक (ते किती लवकर आवरायचं) फार जलद ठेवला की 'टक'च गिळला जातो. आणि खोलीत बसून ४०० ते ८०० हर्ट्झ, म्हणजे मिड (मधले स्वर), फार कमी करू नका. एकट्याने ऐकताना ते गोड वाटतं. गणपतीच्या मांडवात गिटार, कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले की तुमचा बेस गायब. साउंडचेकला लांब वायर लावून ॲम्पसमोर दहा-बारा फुटांवर जा, सगळ्यांना एकदम वाजवायला सांगा, आणि तिथं उभं राहूनच मिड पुन्हा थोडे थोडे वाढवा.