स्पितीला निघताना: नाशिकहून पंधरा दिवसांच्या प्रवासाची तयारी

गणपती उठले की निघायचं आणि दसऱ्याच्या आत घरी यायचं, असा आमचा यंदाचा बेत आहे. हिमाचलातल्या स्पितीचं थंड वाळवंट तेव्हा सगळ्यात देखणं असतं. पावसाळ्यातल्या दरडी कमी झालेल्या असतात, किन्नौरात सफरचंदं उतरवायची घाई चालू असते, नदीकाठचे पॉप्लर पिवळे पडायला लागतात. पण त्याहून उशीर नको. २०१८ मध्ये सप्टेंबर संपायच्या आतच लाहौल-स्पितीत जोराचा बर्फ पडला आणि शेकडो पर्यटक अडकले होते.

यादी सामानापासून नाही, दिवसांपासून सुरू करा. मागच्या वेळी आम्ही मनालीहून निघून त्याच संध्याकाळी चंद्रताल तळ्याला पोचलो. रात्री अकराला भाऊजींचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. पहाटे चारला, त्या दगडगोट्यांच्या रस्त्यावरून, आम्ही त्यांना खाली आणलं. ग्राम्फूच्या जवळ आल्यावर त्यांनी चहा मागितला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. चूक गाडीची नव्हती, औषधांचीही नव्हती. चूक होती दिवस वाचवण्याची. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, आपल्या जिल्ह्यातलं साल्हेर १५६७ मीटर आणि चंद्रताल सुमारे ४२५० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो.

म्हणून यंदा शिमल्याच्या बाजूने चढायचं. नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोड धरून शिमल्यापर्यंत तीन दिवस, मग नारकंडा, मग २९६० मीटरवरच्या कल्प्यात दोन रात्री. तिथून पुढे नाकोचं तळं दुपारी पाहायचं, पण झोपायला ३२८० मीटरवरच्या ताबोला उतरायचं. ९९६ साली बांधलेला मातीचा मठ तिथे आहे. आत फोटो काढू देत नाहीत आणि अंधारही असतो, तेव्हा कॅमेरा राहू द्या, डोळे सरावेपर्यंत थांबा. मग काझात दोन रात्री. लांगझा, हिक्किम ही वरची गावं दिवसा करून यायचं, मुक्काम काझातच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढू नये, एवढं एक सूत्र धरलं की बाकीचं वेळापत्रक आपोआप जुळतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, किती घ्यायची, हे महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि गोळी घेतली म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करायचं नाही. काझात डोकं उतरलं नाही तर चंद्रताल रद्द, आल्या रस्त्याने परत. चंद्रतालच्या वाटेवरचा कुंझुम घाट बर्फाने बंद झाला तरी हेच. हे घरीच, सगळ्यांसमोर ठरवून ठेवलंय. तिथे गेल्यावर कोणालाच माघार घ्यावीशी वाटत नाही.

गाडीचं म्हणाल तर सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी करा, म्हणजे काही बिघडलं तर नाशिकमध्येच कळेल. आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असतं. तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि पाणी गोठलं की रेडिएटर फुटतो. कूलंट निम्मं पाणी मिसळून भरून घ्या. बॅटरी जुनी असेल तर बदलाच. स्टेपनी, पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप, जॅक, पाना, टोचन दोर. कल्प्याजवळच्या रेकाँग पिओच्या आसपास टाकी काठोकाठ भरायची, मग काझाला. काझाहून मनालीकडे निघताना पुन्हा भरायची. रोख पैसे वाटेतल्या रामपूरलाच काढून ठेवा.

स्वयंपाकावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण थंडीत गरम जेवण मिळालं नाही की माणसं चिडतात. ४२५० मीटरवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा टचटचीतच राहतो. तीन लिटरचा कुकर हवाच, आणि डाळही मुगाची घ्या. पिठल्यासाठी बेसन घरूनच भाजून न्या, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, बेदाणे घ्या. चिवडा बंद पाकिटांतून नेऊ नका. वर चढताना पाकिटं फुग्यासारखी तट्ट होतात, आमची दोन तर मागच्या सीटवर फुटली. डबा बरा. छोट्या गॅसच्या डब्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वर यायलाच तयार होत नाही. ज्योत मिणमिणते आणि चहाला अर्धा तास लागतो. प्रोपेन मिसळलेले डबे शोधा, रात्री ते पांघरुणात घ्या, पण आगीजवळ कधीच धरू नका. आणि स्टोव्ह बंद तंबूत अजिबात पेटवू नका, कितीही वारा असो. त्या धुराचा विषारी वायू वासाने कळत नाही.

तंबूला मेखा पुरत नाहीत, जमीन दगडगोट्यांची. चार रिकाम्या पिशव्या न्या, दगड भरून दोऱ्या त्यांना बांधायच्या. गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त येतो, तेव्हा खाली प्रत्येकी दोन जाड चटया. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. आरामात झोप लागायचं ते पहिलं, नुसतं जिवंत राहायचं ते शेवटचं. पहिलं पाहून घ्या. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. फोन, पॉवर बँक कुशीत. खोबरेल थिजतं, व्हॅसलीन घ्या. दिवसाला माणशी तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवं.

चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, ठरलेली जागा अलीकडे आहे. गावाजवळ मुक्काम केला तर आधी शेताच्या मालकाला विचारा. कचऱ्यासाठी झाकणाचा डबा न्या, तो भरून मनालीपर्यंत परत आणायचा.

पाऊस उघडला की एक रात्र भंडारदऱ्याला सगळ्या सामानानिशी काढा. तंबू अंधारात, हातमोजे घालून लावून पाहा. गाडी भरताना कपड्यांच्या बॅगा आधी, तळाशी. शेवटी चटया, तंबू, स्टोव्ह, कुकर, म्हणजे संध्याकाळी वाऱ्यात दार उघडलं की तेच हाताशी येतील.