विंडोजशेजारी उबंटूला जागा करून देताना

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी शेजारी नांदवायची असेल तर प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनला साधारण अर्धा तास लागतो. खरा वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत. गोव्यात ही तयारी विजेपासून सुरू होते. फोंड्याला आमच्याकडे पावसाळ्यात गडगडाट झाला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एकदा बॅटरी मेलेला लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवून मी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र पाडलेला भाग, लहान करत होतो, तेवढ्यात दिवे गेले आणि त्या पार्टिशनमधले चतुर्थीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, सगळे फोटोही गेले. तेव्हापासून बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय आणि फायलींची प्रत वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय मी या कामाला हात लावत नाही. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे.

त्यानंतर बिटलॉकरकडे, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, पाहावे. अनेक नव्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत सुरू असते, आणि बूटची, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याची, सेटिंग बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून चक्क कागदावर लिहून ठेवावी. बिटलॉकर चालू असेल तर उबंटूचा इन्स्टॉलरही पुढे जाऊ न देण्याची शक्यता असते, म्हणून ते आधीच बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट, म्हणजे कुलूपमुक्त, होऊ द्यावी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधले फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना शट डाउन केलेले विंडोज पुरते बंद झालेले नसते, अर्धवट झोपलेले असते. अशा वेळी उबंटू विंडोजचे पार्टिशन उघडते खरे, पण त्यात काही लिहू देत नाही.

उबंटूसाठी किमान २५ जीबी जागा लागते, पण मी ६० जीबीपेक्षा कमी देऊ नये असे म्हणेन. ही जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन, सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून मोकळी करावी आणि तिचे नवे पार्टिशन न बनवता ती तशीच रिकामी सोडावी. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफससारख्या प्रोग्रॅमने उबंटूची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची संपूर्ण प्रतिमा, चढवावी; त्या पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. एप्रिल २०२४ मधली २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) ही आवृत्ती नवशिक्यांना सोयीची आहे.

लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासू सॉफ्टवेअरलाच सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण उबंटू त्यासह चालते. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय घ्यावा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्यायही तिथेच असतो, त्यामुळे पुढचे बटण दाबण्यापूर्वी ते वाक्य दोनदा वाचावे. पार्टिशन हाताने करत असाल तर ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नये, कारण विंडोज सुरू करणाऱ्या फायली तिथेच असतात.

यानंतर लॅपटॉप सुरू केल्यावर ग्रबचा, म्हणजे उबंटूसोबत येणाऱ्या बूट प्रोग्रॅमचा, मेन्यू दिसतो आणि दोन्हींपैकी हवे ते निवडता येते. तो न दिसता थेट विंडोजच उघडले, किंवा एखाद्या मोठ्या अपडेटनंतर तसे होऊ लागले, तर यूईएफआय सेटिंगमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बूटच्या क्रमात उबंटूला वर आणावे. सहसा तेवढे पुरते.

घड्याळाचा घोळ मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. उबंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजते, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता विंडोज दुपारचा दीड दाखवते. भारतात हा फरक नेमका साडेपाच तासांचा येतो. उबंटूच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल (timedatectl) ही आज्ञा वापरून त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की दोन्हीकडे सातच वाजतात.