ट्रेनर मध्येच जड, मध्येच हलका: माझा अनुभव

पावसाळ्यात माझा सराव घरातच, डायरेक्ट-ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरवर चालतो, म्हणजे सायकलचं मागचं चाक काढून तिची चेन ज्याला जोडतात आणि अ‍ॅप ज्याचा जडपणा बदलतं त्या यंत्रावर. यंदा जुलैत त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे पॅडलला होणारा विरोध, विचित्र वागू लागला. स्क्रीनवर सपाट रस्ता, आणि पाय एकदम घट्ट. दोन सेकंदांत मोकळे, की पुन्हा घट्ट. गुडघे दुखायला लागले तेव्हा खरी काळजी वाटली.

आधी संशय आतल्या पट्ट्यावर. दहा मिनिटं ट्रेनर गरम करून स्पिन-डाउन कॅलिब्रेशन केलं, म्हणजे वेग वाढवून पाय थांबवले आणि ट्रेनरला स्वतःचं घर्षण मोजू दिलं. फरक शून्य. मग सगळी अ‍ॅप बंद करून नुसतं पॅडल मारलं, तर लोण्यासारखं गुळगुळीत! म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

दोष फोनमध्ये सापडला. आदल्या दिवशीचा २०० वॉटचा अर्ग मोडमधला (ठरलेले वॉट कायम राखणारा) वर्कआउट तिथे ब्लूटूथवर तसाच चालू राहिला होता, आणि लॅपटॉप अँट प्लस या दुसऱ्या वायरलेस जोडणीवरून स्क्रीनवरच्या रस्त्याचे चढ-उतार पाठवत होता. एका म्यानात दोन तलवारी. फोनचं ब्लूटूथ बंद करताच झटके थांबले.

अर्ग मोडमध्ये दमल्यावर पाय रुतणं मात्र उरलं, आणि तो बिघाड नव्हेच. तिथे वॉट ठरलेले असतात, त्यामुळे केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) घटला की ट्रेनर जोर वाढवतो. २०० वॉटला ९० केडन्सवर पॅडल फिरवायला साधारण २१ न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो, ६० वर जवळपास ३२. त्यामुळे पाय आणखी मंदावतात, ट्रेनर आणखी जड होतो. आता मी लहान चेनरिंगवर (पॅडलजवळच्या लहान दातेरी चक्रावर) राहतो आणि इंटरव्हल, म्हणजे जोराचा टप्पा, सुरू व्हायच्या पाच सेकंद आधी केडन्स ९५ वर नेतो. रुतलोच, तर जोर न लावता अर्ग बंद करतो, पाय फिरते करतो, मग पुन्हा चालू.