वाडीत रेंज नाही? आधी दिशा शोधा, मग अँटेना घ्या

आमचं घर राजापूर तालुक्यात, वाडी खाली पऱ्याच्या काठाला आणि टॉवर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, मधे डोंगराची सोंड. फोन लावायचा तर घाटी चढून सड्यावर जायचं, नाहीतर खळ्यात तुळशीच्या उजव्या अंगाला एका ठराविक जागी उभं राहायचं, तिथे रेंजची एक कांडी यायची. आई तिथे एकटी असते, गुडघे दुखतात तिचे, आणि गॅसवाला दारात येऊन म्हणणार ओटीपी सांगा, आणि ओटीपी येणार तुळशीपाशी, तेही भर पावसात. ते बघून मी या विषयात पडले. आज पडवीत बसून व्हिडिओ कॉल होतो, वाडीत अजून तीन घरांना तसंच करून दिलंय. गावोगाव लोक चुकीच्या वस्तूंवर पैसे घालवतायत आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे अँटेना काय करतो ते समजून घ्या. अँटेना सिग्नल तयार करत नाही. पऱ्यापलीकडच्या माणसाला कुकारा घालताना आपण तोंडाला दोन्ही हात लावतो ना, आवाज तेवढाच असतो पण सगळीकडे पसरायच्या ऐवजी एका दिशेला जातो. तेच हात कानामागे धरले की त्या दिशेचं जास्त ऐकू येतं. डायरेक्शनल अँटेना म्हणजे हेच, जाताना पण आणि येताना पण. फोन जास्तीत जास्त २०० मिलीवॉटच्या आसपास ताकदीने टॉवरशी बोलतो, त्यामुळे कित्येकदा टॉवरचं आपल्याला ऐकू येतं पण आपलं टॉवरला पोचत नाही, कांड्या दिसतात आणि कॉल लागत नाही असं होतं ते यामुळे पण होतं.

बूस्टर किंवा रिपीटर नावाचा जो डबा मिळतो त्याच्या वाटेला जाऊ नका. तो सिग्नल विजेवर मोठा करून परत हवेत सोडतो, आणि आपल्याकडे परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे, दूरसंचार विभागाची माणसं येऊन उचलून नेतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो टॉवरच्या कानात गोंगाट घालतो, एका घराची सोय होते आणि अख्ख्या वाडीची गैरसोय. फोनच्या मागे चिकटवायचे अँटेना स्टिकर तर नुसतेच कागद आहेत.

मग करायचं काय, तर सिमकार्ड घालायचा ४जी राऊटर, म्हणजे त्या सिमच्या नेटवरून घरात वायफाय देणारा डबा, घ्यायचा ज्याला बाहेरचा अँटेना लावायची सोय आहे. फोनला तशी सोय नसते. राऊटरला मागे स्क्रूवाले पॉईंट असतात, एसएमए म्हणतात. घेताना बघून घ्या की ४जी चे पॉईंट सुटे होतात का, कारण काही राऊटरच्या काड्या वरून सुट्या दिसतात पण आतून फिक्स असतात. वायफायचे पॉईंट दिसायला सारखेच पण बहुतेक वेळा उलट्या जातीचे असतात, पिन कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, जबरदस्तीने पिळलं तर पिन मोडते. राऊटर चालू झाला की फोनमध्ये वायफाय कॉलिंग ऑन करायचं, म्हणजे कॉल थेट टॉवरऐवजी वायफायवरून जातो-येतो. एअरटेलने ते २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत सुरू केलं, आता बहुतेक फोनमध्ये सेटिंगमध्ये असतं. यात भारी गोष्ट अशी की राऊटरमधलं सिम एका कंपनीचं आणि आईच्या फोनमधलं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं, तिचा नेहमीचा नंबर तिच्याच फोनवर वाजतो. एसएमएस पण बहुतेक वेळा तसेच येतात, ओटीपी सकट.

आता खरं काम, आणि हे काही विकत घ्यायच्या आधी करायचं. कांड्या बघू नका, नंबर बघा. अँड्रॉइडमध्ये डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाकलं की बऱ्याच फोनमध्ये मेनू उघडतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉल दाबायचा. नाहीतर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर असलं ॲप घ्या. दोन आकडे महत्त्वाचे. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ८० उत्तम, उणे १०० बरं, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० म्हणजे गेलंच. आणि एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते, २० च्या वर मस्त, शून्याच्या खाली असेल तर ताकद कितीही असो नेट धड चालत नाही. हे आकडे डीबी या मापात असतात, तीन डीबी वाढले की ताकद दुप्पट, दहा वाढले की दहापट, त्यामुळे उणे ११२ चं उणे १०४ झालं तर ते किरकोळ समजू नका.

हे आकडे घेऊन घराभोवती फिरा. प्रत्येक कंपनीचं सिम घालून फिरा, शेजाऱ्यांचे फोन मागून घ्या. दिशा शोधायची सोपी युक्ती सांगते, फोन छातीशी धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं, प्रत्येक अष्टमांश वळणावर थोडं थांबायचं. आपलं शरीर पाठीमागून येणारा सिग्नल अडवतं, म्हणजे ज्या दिशेला तोंड केल्यावर आकडा सगळ्यात वाईट होतो त्याच्या बरोबर उलट्या दिशेला, म्हणजे पाठीकडे, टॉवर. सरकारचं तरंग संचार म्हणून पोर्टल आहे २०१७ पासून, त्यावर नकाशात टॉवर दिसतात, त्याच्याशी पडताळून बघा. ॲपमध्ये टीए नावाचा, टॉवरच्या अंतराचा अंदाज देणारा आकडा येत असेल तर ४जी साठी त्याला ७८ मीटरने गुणा, टॉवर साधारण किती लांब आहे ते कळतं.

बँड, म्हणजे सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येतो, ते पण बघून ठेवा. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ वाले सिग्नल डोंगराच्या कडेवरून वाकून खाली उतरतात, झाडीतूनही बऱ्यापैकी येतात. १८०० आणि २१०० मध्यम. २३०० ला टॉवर समोर दिसावाच लागतो, मधे फणसाचं झाड आलं तरी रुसतो. जिओचा खालचा बँड ८५०, एअरटेल आणि व्हीआयचा ९००, बीएसएनएलचं नवीन ४जी ७०० वर पण आहे. २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० रेंज नसलेल्या गावांसाठी ४जी ची योजना मंजूर केली, तिचे टॉवर बीएसएनएल उभे करतंय, त्यातला एखादा तुमच्या बाजूला आलाय का ते जरूर विचारा. आमच्या पलीकडच्या वाडीचा प्रश्न एका सिममध्येच सुटला, अँटेना लागलाच नाही.

अँटेनाची जात: यागी म्हणजे आडव्या काड्यांचा, जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखा, १९२६ च्या सुमारास जपानमध्ये उडा आणि यागी या दोघांनी शोधलेला. तो एकाच बँडवर चांगला चालतो, म्हणून बँड माहीत नसताना घेऊ नका. बहुतेक घरांसाठी मी लॉग पिरियॉडिक जातीचा अँटेना सांगेन, ७०० पासून २७०० पर्यंत सगळे बँड धरतो, साधारण १० डीबीआय (अँटेना एका दिशेला किती जोर देतो त्याचं माप) देतो आणि निशाणा थोडा चुकला तरी सांभाळून घेतो. जाळीची डिश फक्त टॉवर सरळ समोर पण खूप लांब असेल तर, कारण तिची नजर फार अरुंद असते. राऊटरला दोन पॉईंट असतील तर दोन अँटेना लावा, एक डावीकडे ४५ अंश कलता आणि दुसरा उजवीकडे ४५ अंश, फुलीसारखे, कारण टॉवरवरचे अँटेना पण तसेच कलते असतात.

आता केबल. इथे मी स्वतः फसलेय. पहिला अँटेना ऑनलाईन घेतला, वर लिहिलेलं २५ डीबीआय, सोबत दहा मीटर बारीक वायर. छपरावर चढवला, वायर खाली पडवीत आणली, राऊटर लावला. छपरावर नुसत्या फोनवर उणे १०४ येत होतं आणि एवढा खटाटोप करून राऊटरवर उणे १०७! आधीपेक्षा वाईट. दोन दिवस मला कळेना. मग हिशोब मांडला. आरजी ५८ जातीची बारीक केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डीबीच्या आसपास खाते, दहा मीटरला सात-आठ डीबी, आणि तो अँटेना आकाराने बघता आठ-नऊच्या वर देणं शक्यच नव्हतं, २५ हा नुसता छापलेला आकडा. म्हणजे वर मिळवलं ते सगळं वायरमध्ये संपलं. जाड एलएमआर ४०० घेतली तर दहा मीटरला दोनेक डीबीच जातात पण ती महाग, ताठ, कोपऱ्यात वळत नाही.

उपाय साधा निघाला, राऊटरच वर न्यायचा. कौलांखाली माळ्यावर हवा खेळेल असा ठेवला, अँटेनापासून दोनच मीटर केबल, आणि तिथून पडवीपर्यंत साधी लॅन केबल, ती १०० मीटरपर्यंत काही खात नाही. खाली एक छोटा वायफायचा डबा. त्याच टॉवरवर उणे ९४ आलं. मी तुम्हाला कळकळीने सांगते, अँटेनावर हजार रुपये जास्त घालायच्या आधी केबल आखूड करा.

उंची आणि जागा याला पण तोड नाही. पत्र्याच्या खाली अँटेना ठेवू नका, पत्रा सिग्नल अडवतो, चिऱ्याची भिंत पण बराच खाते. दीड इंची जीआय पाईप भिंतीला दोन क्लॅम्पने घट्ट, कौलांच्या वर मीटर दीड मीटर. बांबू वाऱ्यात डुलतो आणि दिशा फिरते, आणि वानरं त्यावर झोके घेतात.

निशाणा लावायला तीन माणसं घ्या. आमच्याकडे शेजारचा दादा वर, मी माळ्यावर राऊटरचं आकडे दाखवणारं पान फोनमध्ये उघडून, आई खळ्यात निरोप पोचवायला. टीव्हीच्या जमान्यात अँटेना फिरवला की चित्र लगेच दिसायचं, इथे तसं नाही, आकडा मागाहून बदलतो, म्हणून दहा अंश फिरवा आणि वीस-तीस सेकंद हात लावू नका. पाईपवर खडूने खूण, वहीत आकडा. आम्ही पहिल्यांदा टॉवरकडे सरळ रोखून लावला आणि निराश झालो. मग दादा म्हणाला ताई जरा खिंडीकडे करून बघू, तिथे सोंड खाली उतरते, आणि टॉवरपासून वीसेक अंश बाजूला असूनही सहा डीबी वाढले. सिग्नल डोंगराच्या सगळ्यात बुटक्या जागेवरून वाकून येतो, डोंगराच्या पोटातून नाही. अजून एक, ताकद जिथे जास्तीत जास्त होती तिथे एसआयएनआर ३ च होता, कारण त्याच रेषेत खाडीपलीकडचा दुसरा टॉवर मधे बोलत होता. अजून थोडं फिरवल्यावर ताकद दोन डीबीने कमी झाली पण एसआयएनआर ११ वर गेला आणि नेट दुप्पट पळायला लागलं. दोघांत भांडण झालं की एसआयएनआरचं ऐका.

पावसाळ्याची तयारी आधीच करा. बाहेरच्या कनेक्टरवर ताणून चिकटणारी रबर टेप लावायची, इन्सुलेशन टेप एका पावसात सुटते. टेप दुप्पट ताणा आणि खालून वर गुंडाळत या, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो, कौलं घालतो ना तसंच, पाणी ओघळून जातं. उलटं गुंडाळलं तर पाणी आत शिरतं. केबल घरात शिरते तिथे आधी खाली एक झोळ सोडा म्हणजे थेंब तिथून गळतील.

विजेचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. पाईपला अर्थिंग करा, आपल्याकडे कातळ असल्यामुळे अर्थिंग नीट लागत नाही, जिथे माती खोल आहे तिथे खड्डा घ्या. आणि मे अखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात सरळ राऊटरचा प्लग काढा आणि अँटेनाची वायर पण सोडवा, तेवढा वेळ फोन नसला तरी चालेल. पाईप उभा करताना विजेची लाईन जवळून जात नाही ना ते दोनदा बघा. आणि ओल्या कौलांवर कुणाला चढवू नका, शेवाळ असतं.

लाईट जाते तेव्हासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. टॉवरचीच बॅटरी संपली तर आपला इलाज नाही, म्हणून दुसऱ्या नंबरचा टॉवर कुठल्या खुणेवर मिळतो ते पण वहीत लिहून ठेवा, दादा एका मिनिटात फिरवून देतो.

जुलैत झाडं ओली आणि भरलेली असतात तेव्हा आमच्याकडे तीन-चार डीबी कमीच असतं, ते साहजिक आहे, घाबरून अँटेना हलवू नका. मी गणपतीला गेले की आधी राऊटरचं पान उघडून आकडा लिहिते, गेल्या वर्षीपेक्षा आठ-दहाने पडला असेल तर कनेक्टरची टेप कापून बघते. आत तांब्यावर हिरवट चढलं असेल तर पाणी शिरलंय, पुसून उपयोग नाही, तेवढा तुकडा कापायचा आणि नवीन कनेक्टर घालायचा. म्हणून बांधताना वर हातभर केबल जास्त ठेवा.